क्रुसेड, जिहाद आणि चार गुण

रिसोडच्या ज्युनियर कॉलेजात मी एकवीस वर्षं इतिहास शिकवतोय आणि खरं सांगायचं तर आता कंटाळलोय. दरवर्षी मध्ययुग आलं की फळ्यावर मधोमध रेघ मारायची. डावीकडे ख्रिस्त्यांचं क्रुसेड, उजवीकडे मुसलमानांचा जिहाद. फरक स्पष्ट करा, गुण चार. चार गुण म्हणजे चार मुद्दे, आणि मुद्दा म्हटला की दोन्ही बाजूंना काहीतरी भरलंच पाहिजे. 'युद्धाचे नियम' या चौथ्या मुद्द्यासमोर डावीकडे मी 'पोपची आज्ञा' लिहायचो. उजवीकडे काय लिहायचं ते पहिल्या वर्षी मला माहीत नव्हतं. जागा रिकामी दिसेल म्हणून 'नियम नाहीत' असं ठोकून दिलं, आणि तेच पुढे चालू राहिलं. आम्ही घरी बुद्धवंदना म्हणणारे. या दोन्ही धर्मांशी आपलं काही देणंघेणं नाही, तेव्हा आपल्याइतका निःपक्षपाती माणूस नाही, असा माझा रुबाब होता.

गेल्या साली अकरावीतल्या एका मुलीचे वडील स्टाफरूममध्ये आले. ते बाजारात सोयाबीनची पोती शिवतात. खुर्चीवर बसायलाच तयार नव्हते.

"तक्रार नाही, सर," ते म्हणाले. "पोरगी मोठ्यानं पाठ करते. नियम नाहीत, नियम नाहीत, असं घोकून राह्यली. बाजूलेच तिची आजी नमाजले बसते. आजी इचारते, काहून असं शिकवतात? मी तिले काय सांगू?"

"भाऊ, परीक्षेपुरतं आहे ते," मी म्हणालो.

"आमच्यात लढाईतबी म्हाताऱ्यावर, बाईवर, लेकरावर हात उचलाले मनाई हाये. आन् आपल्या मनाशी लढनं त्याहून मोठं मानतात. तुमाले मालूम असनच."

मला मालूम नव्हतं. लाज वाटली, आणि मग रागही आला, स्वतःचा कमी आणि त्यांचाच जास्त.

रविवारी दुपारी पुस्तकं काढून बसलो. सुरुवातीचे कितीतरी ख्रिस्ती शस्त्र धरायलाच तयार नव्हते. मग त्यांच्या धर्मपंडितांनी अटी घातल्या: युद्ध अधिकार असलेल्यानंच पुकारावं, कारण न्याय्य असावं, हेतू शुद्ध असावा. पुढे तर लढायला जाणाऱ्याला पापाच्या प्रायश्चित्तातून सूट मिळू लागली. तिकडे मुस्लिम न्यायपंडितही जवळपास याच प्रश्नांवर पिढ्यानपिढ्या वाद घालत होते: कोणी पुकारायचं, कोणाला मारायचं नाही, कधी थांबायचं. आणि गरज पडली तेव्हा दोन्हीकडच्या सेनापतींनी या अटी खुशाल गुंडाळून ठेवल्या. वाचून डोकं जड झालं. एवढं सगळं असताना मी वर्षानुवर्षं दोन शब्दांत काम भागवलं होतं.

सोमवारी वर्गात मी तेच रकाने पुन्हा फळ्यावर काढले आणि 'नियम नाहीत' पुसलं. रेघेच्या खाली 'साम्य' लिहून बोलायला लागलो. पाच मिनिटांत मागून आवाज आला, "सर, साम्याले किती मार्क भेटतात?"

"शून्य," मी म्हणालो. वर्ग हसला. ती मुलगी हसली नाही, वहीत भराभर लिहून घेत होती. परीक्षा तोंडावर आली होती, तीन धडे बाकी होते, आणि माझ्यात जोर उरला नव्हता. "हे नुसतं ऐकून ठेवा," मी म्हणालो. "पेपरात आपले जुनेच चार मुद्दे लिहा. तपासणाऱ्याचा गोंधळ नको."

अकरावीचे पेपर तपासणारा मीच होतो.

गठ्ठ्यात तिचा पेपर आला तेव्हा मी थांबलो. दोन रकाने, पट्टीनं मारलेली सरळ रेघ, आणि चौथ्या मुद्द्यासमोर उजवीकडे सुरेख अक्षरात 'नियम नाहीत'. मी चारपैकी चार दिले. तिनं वडिलांचं म्हणणं लिहिलं असतं, तर प्रश्न फरकाचा होता म्हणून मी त्या मुद्द्याचा गुण कापला असता. हे तिला माझ्याआधी कळलं होतं.