त्याच्याविरुद्धच्या आठ ओळी

तिसऱ्या दुरुस्तीनंतरही लॅपटॉप काळा पडला, तेव्हा दुरुस्तीवाला चोर आहे हे मी ठरवूनच टाकलं.

बटण दाबलं की दिवा लागायचा, पंखा घरघरायचा. कॅप्स लॉकचं बटण दाबलं की त्यावरची बारीक लाइट पेटायची, पुन्हा दाबलं की विझायची. म्हणजे आत सगळं चालू, फक्त पडदा काळा. आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेवर मी एक पुस्तिका लिहीत होते आणि ती महिनाअखेर छापायला द्यायची होती. ती सगळी त्या काळ्या पडद्याच्या मागे अडकली होती.

दुरुस्तीवाला जरीपटका भागातल्या बाजारात बसायचा. कपड्यांच्या दोन दुकानांच्या मधला, बोळीएवढा गाळा. तिशीतला माणूस, बोलायला कमी. दुसऱ्याकडची नोकरी सोडून त्यानं नुकतंच स्वतःचं दुकान टाकलं होतं. पहिल्यांदा मी लॅपटॉप नेला, त्यानं काउंटरवर ठेवून बटण दाबलं आणि पडदा लख्ख उजळला.

"ताई, हा तर चालून राहिला."

घरी आणला, काळा. दुसऱ्यांदा त्यानं मागचं झाकण उघडलं, मेमरीची पट्टी काढून तिच्यावर खोडरबर फिरवलं, पडद्याकडे जाणारी वायर काढून पुन्हा बसवली. चालू. घरी आणला, काळा. तिसऱ्यांदा त्यानं दोन दिवस ठेवून घेतला. "दोन्ही दिवस चालूच ठेवला ताई, एकदा नाही बंद पडला. मले फॉल्टच भेटून नाही राहिला," तो म्हणाला. मी घरी येऊन उघडला. काळा.

त्याच्याकडे चालतो, माझ्याकडे बंद पडतो, याचा मला एकच अर्थ दिसला. त्यानं आत काहीतरी करून ठेवलं होतं, मी पुन्हा पुन्हा यावं म्हणून.

आमच्या घरात गोष्टींच्या पुस्तकांच्या आधी पत्रकं आली. बाबांनी आयुष्यभर वस्तीसाठी पत्रकं लिहिली. नळाला पाणी नाही, रेशनचं धान्य कमी भरतं, नाली तुंबली, एकेका गोष्टीचं एकेक पत्रक. त्यांच्या कोऱ्या पाठीवर मी अक्षरं गिरवली आणि पुढच्या बाजूवरून लिहायला शिकले. अन्याय दिसला की त्याच दिवशी लिहायचं. वाक्य आखूड ठेवायचं. नाव घ्यायचं.

मी मोबाइलवर आठ ओळी लिहिल्या. 'जरीपटक्याच्या बाजारात दुकान मांडून बसलेला हा इसम' अशी सुरुवात. मध्ये 'जाणूनबुजून बिघाड करून ठेवतो'. शेवटी 'आज माझी फसवणूक झाली, उद्या तुमची होईल, गप्प बसू नका'. खाली दुकानाचं नाव. वस्तीच्या ग्रुपवर टाकलं आणि अर्ध्या तासात ते दुसऱ्या ग्रुपांवरून फिरून माझ्याकडेच परत आलं. शेजारच्या काकू ओट्यावरून ओरडल्या, "माह्या पोराचा बी त्याच्याकडेच आहे वं! आत्ताच्या आत्ता आणते!"

मला फार बरं वाटलं, हेही लिहायला हवं.

दुपारी बाबा झोपून उठले. मोबाइल हात लांब करून धरला, आठही ओळी वाचल्या, आणि एवढंच विचारलं, "त्याले वाचून दाखवलं काय?"

ते काय विचारत होते ते मला ठाऊक होतं. आमच्या घरचा नियमच होता तो. ज्या पत्रकात एखाद्याचं नाव असेल, ते त्या माणसाला तोंडावर वाचून दाखवल्याशिवाय छापायला जात नसे. रेशन दुकानदाराला त्याच्या दुकानात उभं राहून, साहेबाला त्याच्या टेबलासमोर. एका ठेकेदारानं वाचता वाचता कागद हिसकून फाडला, तर बाबांनी खिशातून दुसरी प्रत काढली आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. परवानगी मागायला नव्हतं ते. खोटं काय आहे, हे सांगायची त्या माणसाला संधी. कधी एखादं वाक्य जायचं. एकदा तर अख्खं पत्रक गेलं होतं.

"बाबा, आता तसं कोणी करत नाही."

"मंग 'इसम' काहून लिहिलं? तो तर माहा शब्द आहे. शब्द उचलला माहा, अन् पाय ठेवले घरी."

"तो चोर आहे, बाबा."

"असन. तर त्याच्या तोंडावर वाच. चोराले काहून भेतं वं?"

मी आठ ओळी कागदावर उतरवल्या, तोंडाला स्कार्फ बांधला आणि निघाले.

दुकानासमोर चार माणसं उभी होती. गिऱ्हाईकंच, पण आपापली मशीन परत न्यायला आलेली. काकूही त्यांच्यात. तो फळीवरून एकेक लॅपटॉप काढून देत होता, वाद न घालता. एका चष्मेवाल्या गृहस्थाचा लॅपटॉप उघडलेलाच होता.

"दहा मिनिटं थांबा काका, स्क्रू लावून देतो."

"तसाच दे. अन् स्क्रू पुडीत बांधून दे. मी मोजून घेतो."

त्यांनी खरंच मोजले, काउंटरवर, बोटानं एकेक सरकवत. तो पाहत राहिला. मग त्याची नजर माझ्यावर आली.

"बोला."

"मी तुमच्याविरुद्ध लिहिलंय. ते तुम्हाला वाचून दाखवायचंय."

"वाचलं मी. मघापासून तेच येऊन राहिलं मोबाइलवर."

"तरी."

मी वाचायला लागले. मोबाइलवर त्या ओळी एका दमात झाल्या होत्या. त्याच्यासमोर संपता संपेनात. 'जाणूनबुजून'पाशी माझा आवाज घसरला, मी तो शब्द पुन्हा वाचला. तो दोन्ही हात काउंटरवर टेकवून ऐकत होता.

"झालं?"

"झालं."

"हे जाणूनबुजून म्हणता, ते तुम्ही पाहिलं?"

"नाही. पण इथे चालतो आणि घरी गेला की बंद पडतो. याचा दुसरा अर्थ काय?"

"तेच तर मले समजून नाही राहिलं." त्यानं एक पिशवी खांद्याला अडकवली आणि शटर अर्धं ओढलं. "चला तुमच्या घरी. काका, तुम्ही पण चला. काकू, तुम्ही पण. सगळ्यांसमोर होऊ द्या. माह्याकडून काही निघालं, तर हे शटर मी पुन्हा उघडत नाही."

तो हे चिडून म्हणाला नाही. म्हणूनच मला भीती वाटली.

घरी बाबांनी त्याला खुर्ची दिली. तो बसला नाही. माझा लॅपटॉप नेहमीच्या जागी होता, कूलरसमोरच्या पत्र्याच्या पेटीवर. त्या पेटीत बाबांची सगळी जुनी पत्रकं आहेत आणि तीच माझं टेबल. त्यानं बटण दाबलं. दिवा, पंखा, काळा पडदा.

"पाहा," मी म्हणाले.

तो उकिडवा बसला. बटण बराच वेळ दाबून धरलं, सोडलं, पुन्हा चालू केलं. काळा. मोबाइलचा टॉर्च पडद्यावर तिरपा धरून आत पुसटसं काही दिसतं का ते पाहिलं. काही नाही. मग पिशवीतून एक वायर काढून लॅपटॉप आमच्या टीव्हीला जोडला. थोड्या वेळानं टीव्हीवर माझ्या पुस्तिकेचं पान उमटलं, हे मोठ्ठं.

"अवं, हे तर दिसून राहिलं!" काकू म्हणाल्या.

"मशीन जिवंत आहे," तो म्हणाला. "फक्त हा पडदा विझून राहिला."

"म्हणजे पडदाच खराब," चष्मेवाले काका म्हणाले. "तीनदा उघडला कोणी? यानंच. मंग खराब कोणी केला?"

कूलर भरभरत होता तरी त्याच्या कानामागून घाम वाहत होता. त्यानं कॅप्सचं बटण दाबलं, पुन्हा दाबलं. करण्यासारखं त्याच्याकडे काही उरलं नव्हतं, ते मला कळत होतं. आणि त्या क्षणी त्याला काही सापडू नये असं मला वाटत होतं. माझा लॅपटॉप, माझी पुस्तिका, तरीही. माझ्या आठ ओळी खऱ्या ठराव्यात एवढंच मला हवं होतं.

त्यानं वायर काढली आणि लॅपटॉप उलटा करून पाहण्यासाठी उचलला. पडदा उजळला.

त्यानं तो खाली ठेवला. काळा. उचलला. उजेड.

"कोणी हात नका लावू," तो हळूच म्हणाला. बाजेवर ठेवला, चालू. बाबांच्या खुर्चीवर ठेवला, चालू. पेटीवर ठेवला, काळा. तो पेटीकडे वाकला.

"हे काय आहे?"

बाबांच्या सभांसाठी एक भोंगा होता. तो फुटला तेव्हा त्याच्यातलं चुंबक आम्ही काढून ठेवलं होतं, वाटीएवढं काळं कडं. कूलर लागला की कागद घरभर उडतात. त्या चुंबकाखाली ठेवले की ते पेटीच्या पत्र्याला असं चिकटतं की एक कागद हलत नाही. दर उन्हाळ्यात आमच्याकडे पत्रकं अशीच ठेवायची; यंदा तिथे माझ्या पुस्तिकेचे कागद होते. लॅपटॉपचा डावा कोपरा त्या कड्याला अगदी लागून होता.

त्यानं दोन्ही हातांनी जोर लावून ते उपटलं आणि बाजूला नेलं. पेटीवरच्या लॅपटॉपचा पडदा उजळला. कडं जवळ आणलं, विझला.

"झाकण लावलं की पडदा विझते, बरोबर? झाकण लागलं हे मशीनले चुंबकावरून समजते. झाकणात एक बारीकसं असते. हे एवढं मोठं जवळ आलं, तर त्याले वाटते झाकण लागलं." मग माझ्याकडे वळून, "झाकण लावल्यावरही मशीन चालू राहावी अशी सेटिंग तुम्हीच केली असन."

केली होती. मोठ्या फाइली कॉपी होताना मध्येच थांबू नयेत म्हणून.

"कूलर कधी लावला?"

"होळी झाल्यावर."

"अन् लॅपटॉप कधीपासून बंद पडून राहिला?"

"तेव्हापासूनच," मी म्हणाले. बाबांनी डोळे मिटून घेतले होते.

"चला, असं पण होते," असं म्हणत काका उठले. त्यांचा लॅपटॉप त्यांच्या काखेत होता, पुडी खिशात. दुरुस्तीवाल्यानं त्या लॅपटॉपकडे पाहिलं, काही क्षण. काका तो घेऊनच गेले. काकूही नजर चुकवत त्यांच्या मागे बाहेर पडल्या.

"मी आत्ताच माफी लिहिते," मी मोबाइल काढत म्हणाले.

"आधी ते काढा."

आमच्या ग्रुपवरून काढलं. बाकीच्या ग्रुपांवर माझा हात पोहोचत नव्हता. तोपर्यंत ते कुठे कुठे गेलं होतं, कोणाला माहीत.

दुसऱ्या दिवशी मी माफीचं पत्रक लिहून आधी त्याच्या दुकानात गेले. 'माझ्याकडून चुकून एका प्रामाणिक कारागिरावर' इथपर्यंत वाचलं आणि त्यानं हात वर केला.

"'चुकून' खोडा."

"का?"

"चुकून हातातून सामान पडते, ताई. तुम्ही तर बसून लिहिलं."

मी खोडलं. त्या जागी काय लिहू, विचारलं. "ते तुम्ही पाहा, लिहिणाऱ्या तुम्ही आहात," म्हणाला आणि कामाला लागला. मी तिथेच उभी राहून लिहिलं, 'न पाहता, न विचारता, रागाच्या भरात'. पुन्हा वाचलं. तो हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही.

झेरॉक्स काढून दोन दिवस भरदुपारी बाजारात उभी राहिले. लोक कागद घ्यायचे, वरची ओळ पाहायचे आणि त्याचीच घडी करून वारा घेत पुढे जायचे. एका बाईनं मात्र पूर्ण वाचलं. "परवा चोर, आज साव? काय भेटलं वं तुले?" आजूबाजूचे हसले. मी पुढचा कागद पुढच्या माणसापुढे धरला.

मग मी घरोघरी गेले. माझ्या ओळी वाचून मशीन परत नेणारे पाच जण होते. काकूंनी पोराचा लॅपटॉप माझ्याच हातात ठेवला, "तूच नेऊन दे वं. मले त्याच्यासमोर जायची लाज वाटून राहिली." आणखी तिघं तयार झाले. चष्मेवाले काका दारातच म्हणाले, "परवाच्या तुम्ही खऱ्या की आजच्या?" आणि आत गेले.

काकूंचा लॅपटॉप घेऊन मी दुकानात गेले. फळी जवळजवळ रिकामी होती. त्यानं लॅपटॉप घेतला, पावतीवर काकूंचं नाव लिहिलं, पावती माझ्यापुढे सरकवली.

"आणखी तिघं आणून देतो म्हणाले," मी सांगितलं. "चष्मेवाले काका नाही म्हणाले."

त्यानं पेनाला टोपण लावलं.

"त्यांच्या मशीनची बॅटरी फुगून राहिली आहे," मग म्हणाला. "त्या दिवशी गडबडीत सांगायचं राहून गेलं. माह्याकडे नका आणू म्हणा, कुठं पण दाखवा. पण चार्जिंगले लावू नका म्हणा, पेट घेईन."

"तुम्ही फोन केलात तर..."

"माह्यावर विश्वास ठेवतीन ते?"

आणि माझ्यावर तरी का ठेवतील, हे मी विचारलं नाही. पावती पर्समध्ये टाकली, स्कार्फ बांधला आणि काकांचं दार पुन्हा वाजवायला निघाले.