एक गाडी कोळसा

सोनबांनी तीस वर्षं मराठवाड्यातल्या एका औष्णिक वीज केंद्रात कोळशाच्या वाघिणी रिकाम्या केल्या. जुने संच बंद झाले आणि कंत्राटावरची माणसं पांगली. बायको आधीच गेलेली. मग महाळुंग्याच्या एका कंपनीत कामाला असलेला मुलगा नवनाथ त्यांना तिथल्या आपल्या खोलीवर घेऊन आला.

चाळीत सगळे कंपनीतलेच. रात्रपाळीवाले दिवसभर दारं लावून झोपत, दिवसपाळीवाले अंधारात परतत. सोनबा पायरीवर बसून राहत. जाता-येता कुणी ‘काका, जेवलात का?’ विचारी, पण उत्तराला थांबत नसे. ते स्वतःशीच मोठ्यानं बोलायला लागले, तेव्हा शेजारणीनं नवनाथच्या कानावर घातलं.

त्याच महिन्यात कंपनीनं कामगारांच्या घरच्यांना कारखाना बघायला बोलावलं. नवनाथ वडलांना घेऊन गेला. आत दोन पुरुष उंचीचं पोलादी कडं उभं होतं.

“हे कशाचं रे?”

नवनाथ जरा घुटमळला. “पवनचक्कीच्या मनोऱ्याचं, दादा. याला भोकं पाडायचं काम माझं.”

हे त्यानं घरी कधी सांगितलं नव्हतं. केंद्रातले संच बंद पडले तेव्हा गावातली माणसं पवनचक्क्यांनाच शिव्या घालत होती.

सोनबांनी कड्यावर हात ठेवला. शेजारी मोनिका मॅडम, तिथल्या इंजिनिअर, उभ्या होत्या. त्यांना विचारलं, “ताई, एका चक्कीनं कोळसा किती वाचतो?”

“वर्षाला तीन-साडेतीन हजार टन तरी, काका. तेवढा धूर कमी.”

“म्हंजे एक अख्खी मालगाडी,” सोनबा म्हणाले.

एक गाडी लागली की चाळीस माणसं कामाला भिडायची. दुपारी काळ्या हातांनी एकमेकांच्या फडक्यातली भाकरी खायची. त्यातले चौघं छातीच्या दुखण्यानं गेले. बाकीच्यांचे फोन आता लागत नव्हते.

“चांगलं झालं,” ते म्हणाले. “त्या धुळीत आता कुणाचं लेकरू जायला नको.” मग हळूच म्हणाले, “पण आमी लई माणसं होतो रे.”

परतताना नवनाथनं विचारलं, “दादा, राग आला का?”

“न्हाई. पण सांगायचं होतंस. मला ऐकायला दिवसभर येळच येळ हाय.”

आता पाळीवरून आला की नवनाथ चहा घेताना त्या दिवशीचं काम सांगतो. सोनबा मधूनच एखादा प्रश्न विचारतात. दहा मिनिटांत त्याचे डोळे मिटायला लागतात. मग सोनबा त्याच्या हातातला कप काढून घेतात, पंखा वाढवतात आणि आवाज न करता दार ओढून बाहेर येतात.