खडूची रेघ

जालन्यात भंगार वितळवून सळया करणाऱ्या कारखान्यात मी उभा होतो. भंगारातल्या एखाद्या बंद नळीत पाणी राहिलं, तर भट्टीत स्फोट होतो. म्हणून शांताबाई प्रत्येक नळी तपासून तिच्यावर खडूने रेघ ओढतात. भट्टीवर त्यांचा नवरा काम करतो.

क्रेनने भंगार उचललं, तशा त्या ओरडल्या, “थांब रे! एकीवर रेघ नाही!”

नळी कापली. ओंजळभर पाणी मातीत सांडलं.

“घरी समोरचा चष्मा दिसत नाही हिला!” वरून नवरा म्हणाला.

“चष्मा फुटला तर दुसरा मिळतो.”

या सळया कुणाच्या तरी स्लॅबमध्ये जातील. त्याखाली निवांत झोपणाऱ्यांना ही रेघ ठाऊक नसेल.

शांताबाईंनी रिकाम्या नळीवर खडू टेकवला. रेघ वाकडी आली. मग त्यांनी क्रेनला हात केला.