चुना, फावडं आणि एक उंबरा

त्या पोराच्या नखांत अडकलेला चुना मला अजून दिसतो. नोकरीत चोऱ्या पाहिल्या, मारामाऱ्या पाहिल्या, विहिरीतून प्रेतं वर काढली. त्यातलं पुष्कळसं आता पुसट झालं. तो चुना मात्र गेला नाही.

मी मूळचा कोकणातला. दहावीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. मामा बीडला एसटी डेपोत होते, त्यांच्याकडे आलो, भरतीत उतरलो, शिपाई झालो आणि याच जिल्ह्यात जमादार होऊन निवृत्त झालो. भाताचा माणूस मी, या मातीनं मला भाकरीवर पोसलं. त्याचे उपकार मानतो. कॉलेजची पायरी मात्र मी फक्त बंदोबस्तासाठी चढलो. त्यामुळे शिकणाऱ्या पोरांपुढे मी जरा बुजूनच असायचो. आणि कुणाचं पोर घरापासून लांब हरवलं अशी तक्रार आली, की मी हातातलं काम टाकून उठायचो. लहान वयात घर सोडलेल्या माणसाचं असं होतं.

ही गोष्ट एका तालुक्याच्या ठाण्यातली आहे. नावं कुणाचीच लिहीत नाही. का, ते शेवटी कळेल.

रविवारी संध्याकाळी कॉलेजच्या वसतिगृहाचे रेक्टर ठाण्यात आले. पहिल्या वर्षाचा एक मुलगा कालपासून गायब होता. अठरा वर्षं पुरी झालेली, म्हणून मिसिंग दाखल केली. स्टेशन डायरीत नोंद घेतली, बिनतारी संदेश दिला. मुलाचा मोबाईल बंद होता, शेवटचं लोकेशन बसस्थानकाचं. वडिलांचा म्हणून दिलेला नंबर लागत नव्हता. मुलगा सगळ्यांना सांगायचा, की दिंद्रुडला आमचं कापडाचं दुकान आहे. सोमवारी सकाळीच मी दिंद्रुडला माणूस पाठवला. बाजारपेठेत त्या आडनावाचं कापडाचं दुकानच नव्हतं.

त्याच सकाळी ठाण्यात फोन आला. नाव सांगायला तयार नाही. आवाज दबका.

"त्या हॉस्टेलच्या पोरांनी शनिवारी सकाळी फावडं अन् चुन्याचं पोतं घेतलं साहेब. टेम्पोत टाकून गेले. एकजण म्हणत होता, कुणाला कळू देऊ नको बे. आता पोरगं हरवल्याचं ऐकलं, म्हणून सांगितलं. माझं नाव नका घेऊ."

पोलिसाच्या कानाला फावडं आणि चुना हे दोन शब्द एकत्र ऐकू आले, की तो एकच विचार करतो, पुरलेल्या प्रेताचा. मोठ्या साहेबांनीही तोच केला. "रॅगिंग करताना काहीतरी झालंय आणि पोरांनी निस्तरलंय," ते म्हणाले. "आणा त्यांना."

त्या वसतिगृहात खेड्यांतून आलेल्या पोरांचं एक जुनं मंडळ होतं. त्यांच्या रीती मला नंतर कळल्या, पण वाचणाऱ्याला आधीच सांगतो. ज्यांना जमेल त्यांच्या घरून सकाळच्या एसटीनं डबा यायचा. ते सगळे डबे दुपारी एका ठिकाणी उघडायचे आणि स्वतःच्या डब्यातलं कुणी खायचं नाही. नव्या पोराला धाकटा म्हणायचं आणि त्याला शेवटच्या वर्षाचा एक थोरला नेमून द्यायचा. शिष्यवृत्तीच्या रांगेपासून तापात डोक्यावर पट्टी ठेवण्यापर्यंत सगळं थोरल्याकडे. दिवाळीनंतर एकेका धाकट्याच्या घरी सगळं मंडळ पाहुणं म्हणून जेवायला जायचं. याला ते उंबरा म्हणत. आणि उंबऱ्याचा नियम होता, की आत गेल्यावर जे दिसेल, म्हणजे गरिबी, भांडण, पिणारा बाप, ते बाहेर कुठंही बोलायचं नाही.

हरवलेल्या पोराच्या घराची पाळी त्याच रविवारी होती.

चौकशीला चौघं आणले. त्यातला म्होरक्या म्हणजे त्या मुलाचा थोरला. काळासावळा, काटक पोरगा. मी त्याला ओळखत होतो. रोज सकाळी आमच्या ठाण्यामागच्या मैदानावर पोलीस भरतीसाठी पळायचा. मला बघितलं की लांबूनच नमस्कार करायचा. तोच आता माझ्यासमोर बाकावर, हात मांड्यांखाली दाबून बसला होता.

"हात वर कर."

त्यानं केले. नखांत चुना, बोटांची कातडी फुटलेली.

"फावडं कशाला घेतलंस?"

"काम होतं साहेब."

"कसलं?"

"घरचं."

"कुणाच्या घरचं?"

गप्प. मी बराच वेळ थांबलो. चौकशीत ओरडण्यापेक्षा थांबण्यानं जास्त निघतं, हा माझा अनुभव. पण हा काही बोलेना. शेवटी म्हणाला, "मला दोन दिस सोडा. मी आणतो त्याला."

"कुठून आणतोस?"

त्यानं हात पुन्हा मांड्यांखाली दाबले.

तेवढ्यात मोठे साहेब आत आले. "संध्याकाळपर्यंत वेळ देतो. नाहीतर चौघांवर गुन्हा. भरती करतोस ना तू? चारित्र्य पडताळणीत काय लिहून येईल, माहीत आहे?"

पोराच्या कपाळावर घाम आला. शेजारचा चष्मेवाला रडवेला होऊन म्हणाला, "सांग की बे आता! तुजं आयुष्य जाईल."

"तू गप रे," थोरला म्हणाला. "नियम म्हंजी नियम."

साहेब बाहेर गेल्यावर मला चैन पडेना. खोटं बोलणारा माणूस काहीतरी बोलतो, तपशील पुरवतो. हा पोरगा खोटं बोलतच नव्हता, नुसता अडून बसला होता. स्वतःचं भविष्य डोळ्यांदेखत जळत असताना माणूस अडून बसतो, तो बहुतेक दुसऱ्याचं काहीतरी झाकायला.

खोल्या बघायच्या म्हणून मी वसतिगृहात गेलो. जेवणाची वेळ होती. उरलेली पोरं वर्तमानपत्रं अंथरून बसली होती, डबे उघडलेले. मला बघून सगळ्यांचे घास थांबले. एका बाजूला एक ताट भाकरीनं झाकून ठेवलेलं होतं.

"हे कुणाचं?"

"धाकट्याचं," एकजण म्हणाला. "जो न्हाई त्याचं ताट वाढून ठिवतो आमी."

मी खोल्यांकडे वळलो. पाठीमागून कुजबूज ऐकू आली. कुणीतरी त्या ताटातल्या शेंगदाण्याच्या चटणीला हात घातला असावा.

"ठिव बे तेवढी! आला म्हंजी बोंबलंल, माजी चटणी कावून खाल्ली म्हणून."

"लई जीव हाय त्याचा चटणीत."

दोघं हसले आणि मी आहे हे आठवून गप्प झाले. मी मात्र दारातच थबकलो. ज्याला पुरून आलो, त्याची चटणी कुणी अशी राखून ठेवत नाही. आणि असं हसतही नाही.

तिथून थेट बाजारात गेलो. फावडं विकणारी दुकानं गावात थोडीच. फोन करणारा सापडायला वेळ लागला नाही. मला बघताच दुकानदारानं कपाळावरचं भस्म पुसलं की घाम, कळलं नाही.

"मी नव्हतो साहेब फोन करणारा."

"कुठला फोन? मी काही म्हणालोच नाही," मी म्हणालो. "पोरांनी काय काय नेलं तेवढं सांगा."

"फावडं. चुना. एक घमेलं."

"आणखी?"

"आणखी काय... दोन कुंचे. अन् निळीची पुडी."

"नीळ?"

"नीळ. मीच म्हनलं, एकच पुडी टाका, तर म्हने दोन द्या, लई पांढरं पायजे."

मी दुकानाच्या पायरीवरच बसलो. आमच्याकडे गणपतीच्या आधी आई भिंतींना चुना द्यायची, तेव्हा त्यात नीळ कालवायचं काम माझं असायचं. नीळ घातली की चुना पांढराशुभ्र दिसतो. जास्त झाली तर भिंत आभाळासारखी होते आणि आई पाठीत धपाटा घालते. मढं पुरायला निघालेला माणूस चुन्यात नीळ घालत नाही.

ठाण्यात परत आलो. थोरल्यासमोर चहा ठेवला आणि म्हणालो, "दोन पुड्या टाकल्यास? भिंत निळी झाली असेल की रे."

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग तोंडावर दोन्ही हात धरून हमसून हमसून रडला.

"कुणाला सांगू नका साहेब," तो म्हणाला. "लाज वाटंल त्याला. कॉलेज सोडंल तो."

मग सगळं बाहेर आलं. मुलाचं घर दिंद्रुडला नव्हतंच. तलवाड्याकडच्या एका वस्तीवर दोन खणांचं घर, आणि आईबाप दसऱ्यानंतर ऊसतोडीला गेलेले. थोरल्याला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्याची बहीण त्याच शिवारात दिलेली. पोरगा सगळ्यांना दुकानाची थाप मारायचा आणि मंडळ ती ऐकून घ्यायचं. पाळी जवळ आली तसा तो झुरायला लागला. त्याची पाळी टाळली असती तर त्याला कळलं असतं, की यांना सगळं ठाऊक आहे. म्हणून चौघांनी ठरवलं, की आदल्या दिवशी गुपचूप जायचं आणि घर पाहुण्यांजोगं करून यायचं. भिंती लिंपल्या, चुना दिला, अंगण सारवलं. "कुलपाला हात न्हाई लावला साहेब. त्याच्यामागारी उंबरा कसा ओलांडायचा?"

संध्याकाळी परतले तर पोरगा खोलीत नव्हता. घरीच गेला असेल, घर बघून खूश होईल, असं त्यांना वाटलं. तो मात्र रविवारी, पाळीच्या दिवशीही फिरकलाच नाही.

जीप काढून आम्ही वस्तीवर गेलो. भिंत खरोखर निळसर दिसत होती. शेजारची म्हातारी बाहेर आली.

"ही पोरं गेली अन् मागून त्यो आला," ती म्हणाली. "तुजं दोस्त रंगवून गेले म्हनलं, तर भितीकडं बघत लई येळ हुबा राहिला. पाणी दिलं तर घेतलं न्हाई. म्या म्हनलं, कुठं चाललास बाबा? तसाच सडकंकडं गेला."

थोरल्याचं तोंड पडलं. माझंही. ज्या पोरांनी त्याची लाज झाकायला एवढी मेहनत घेतली, त्यांनीच ती त्याच्यासमोर चुन्यानं रंगवून ठेवली होती. असं पोरगं त्या मनःस्थितीत कुठं जाईल, काय करेल, या विचारानं मी लगेच जीप वळवली. रस्त्यात विहिरी होत्या. प्रत्येक विहिरीपाशी मी जीप थांबवली. थोरला माझ्याआधी उतरून वाकून बघायचा.

थोरल्याच्या दाजीनं त्या पोराच्या आईबापाच्या मुकादमाचा नंबर मिळवून ठेवला होता, पण तो लागत नव्हता. मी तलवाड्यातून लावत राहिलो. दिवस कलताना लागला. मुकादम म्हणाला, "आलंय की पोरगं. कालच आलं. कोयता मागतंय बापाला."

मी जीपला टेकून उभा राहिलो आणि कोणत्या देवाचे आभार मानले ते आठवत नाही. मोठ्या साहेबांना कळवलं. ते म्हणाले, "सोडा त्या तिघांना. आणि घेऊन या बाळाला, जबाब लागेल."

दुसऱ्या दिवशी थोरल्याला बरोबर घेऊन मी गेलो. कारखाना लांब, कोल्हापूरकडचा. उसाच्या फडाशेजारी पाचटाच्या कोप्या, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपड्या. पोरगा मोळ्या बांधत होता. आम्हाला बघून उभा राहिला, पण पुढं आला नाही.

"मी न्हाई येत," तो म्हणाला. "भित रंगवायला कुणी सांगितलतं तुमाला?"

"कुणी न्हाई," थोरला म्हणाला.

"कधीपासून ठाव होतं?"

"तू आलास त्या दिसापासून."

"मग बोलला कावून न्हाई?"

"तू बोलला न्हाईस म्हणून."

"समदे हसले असतील."

थोरल्यानं शर्टाच्या बाह्या वर केल्या. मनगटापासून कोपरापर्यंत उसाच्या पात्यानं कापल्याच्या जुन्या बारीक रेघा होत्या. "हस की मग मला बी," तो म्हणाला. "न्हाई इचारलं ते चुकलं. पण तुजी पाळी ऱ्हायलीय बे. मी जेवल्याबिगर जात न्हाई."

पोराची आई कोपीच्या तोंडाशी पदर सावरत उभी होती. "लेकराचे दोस्त आले अन् बसायला धड पाट बी न्हाई," ती म्हणाली.

थोरल्यानं मोळीतला एक ऊस ओढला आणि कोपीच्या तोंडाशी आडवा ठेवला. "हा उंबरा," म्हणाला. धाकटा त्याच्याकडे बघत राहिला. मग आला, बाजूला उभा राहिला आणि यजमान म्हणतो तसं म्हणाला, "या."

थोरला ऊस ओलांडून आत गेला. धाकट्यानं माझ्याकडे बघितलं. "तुमी बी या, काका." बूट काढून मीही आत गेलो. भाकरी, ठेचा आणि उसाचा रस. त्या दोघांत बसून जेवताना वाटलं, कॉलेज म्हणजे हेच असेल, तर आज आपणही थोडं कॉलेज केलं.

संध्याकाळच्या गाडीनं धाकट्यालाही घेऊन तिघं परत निघालो. जबाब घेतला, मिसिंग निकाली काढली. जबाबात मी एवढंच लिहिलं, की मुलगा आईवडिलांना भेटण्यास गेला होता. ते खरंच होतं. थोरला पुढे भरतीत उतरला, धाकटा शिकला, नोकरीला लागला.

पोलिसाला वाटतं, गप्प बसलेला माणूस गुन्हा लपवतो. त्या पोरांनी मला शिकवलं, की माणसं एकमेकांची अब्रूही तशीच लपवतात, आणि वरून दोन्ही सारखीच दिसतात. त्यानंतर कुणी गप्प बसलं, की काय लपवतोस हे विचारण्याआधी कुणासाठी लपवतोस, हे मी मनाशी विचारून बघायचो.

तो ऊस मीही ओलांडला होता, म्हणजे नियम मलाही लागू. म्हणून हे लिहिण्याआधी धाकट्याला फोन केला. लिहू का, विचारलं.

"लिहा काका, पण नाव नगं," तो म्हणाला. मग हसला. "अन् नीळ जास्त झालती हे बी लिहा. अजून भित निळीच हाय. आई दुसरा चुना देऊच देत न्हाई."