तांबूच्या कांड्या आणि आमचा फ्रीजर

आधी हातातला कप खाली ठेवा. मागच्या वेळी हा किस्सा सांगितला तेव्हा आमच्या ऑफिसातल्या सावंताच्या नाकातून चहा आलेला. आणि हसायचं ते मला हसा, गायीला नाही. ती बिचारी यात शंभर टक्के निर्दोष आहे!

तर मी डोंबिवलीचा. ठाण्याला ऑफिसात फायली हलवतो, पण बीएस्सी आहे हो! बॉटनी! आमची सासुरवाडी शहाडच्या पुढे, नदीकडच्या एका गावात. सासरे, म्हणजे अण्णा, तीन गायी पाळतात. त्यातली तांबू सासूबाईंची भारी लाडकी. त्यांच्या हातच्या भाकरीवर वाढलेली.

ही तांबू दोनदा उलटली. म्हणजे गावच्या वळूकडे नेली, पण गाभण राहिली नाही. एकवीस दिवस झाले की बाईसाहेब पुन्हा माजावर, पुन्हा हंबरणं सुरू.

"आता एकदाच बघणार," अण्णा म्हणाले. "या वेळी नाही राहिली तर विकून टाकीन."

सासूबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत.

मी तिथेच बसलेलो. लग्नाला तीन वर्षं झालेली, पण अण्णांनी मला आजवर कशातच विचारलेलं नव्हतं. "जावईबापू, तुम्ही बसा, चहा घ्या." संपलं! म्हटलं, दाखवून देऊ आज.

"अण्णा, तो वळू तांबूचा कोण लागतो?"

"बाप."

"बाप?"

"अख्ख्या गावाच्या वासरांचा बाप हाय तो. त्यात काय?"

झालं! मी जो सुटलो! मेंडेलचे वाटाणे, हिरवे, पिवळे, गुळगुळीत, सुरकुतलेले. जवळच्या नात्यात लपलेले दोष कसे डोकं वर काढतात. पाऊण तास! अण्णांनी चार जांभया दिल्या, आणि मग चक्क म्हणाले, "बरं, मग काय करायचं?"

अहो, अण्णांनी मला विचारलं! मला! बायकोने, मेघनाने, माझ्याकडे असं बघितलं की जणू मी दहावीला बोर्डात आलोय.

गुरांच्या डॉक्टर मॅडम आल्या. ठाण्याच्या, बोलायला एकदम रोखठोक. तांबूला तपासून म्हणाल्या, "गाय ठणठणीत आहे. वळूची कधी तपासणी केलीत?"

"त्याची? त्याच्याजवळ जाणार कोण?" अण्णा म्हणाले.

ठरलं की म्हातारा वळू बंद, चांगल्या गीर वळूची कांडी भरायची. ही कांडी म्हणजे पेनाच्या रिफिलएवढी बारीक नळी. त्यात वळूचं बीज गोठवलेलं असतं. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरायचं, असा हिशोब.

आणि एका सकाळी सासूबाईंचा फोन आला, "तांबू हंबरतेय!"

मॅडम म्हणाल्या, "मी पाचला येतेच आहे, येताना कांड्या आणते." आता मी गप्प बसायचं ना? पण नाही! "छे छे मॅडम, मी नेतो. जावई आहे मी, हा मान माझा!"

ऑफिसला दांडी मारून त्यांच्या ठाण्याच्या दवाखान्यात पोचलो. त्यांनी छोटी टाकी हातात दिली. आत द्रव नायट्रोजन, त्यात दोन कांड्या. त्या काहीतरी सांगत होत्या, "हे बघा, झाकण..." पण मी तेव्हा त्यांना मेंडेल समजावत होतो. होय! गुरांच्या डॉक्टरला! आनुवंशिकता! मी!

"कसं न्यायचं ते कळलं ना?" त्यांनी विचारलं.

"अहो मॅडम, बीएस्सी आहे मी!"

त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

टॅक्सी शीळफाट्याला अडकली. एक ट्रक इकडे तोंड करून, एक तिकडे. टाकी माझ्या मांडीवर. इतक्यात ड्रायव्हर ओरडला, "ओ साहेब, तुमच्या डब्यातनं धूर येतोय!"

बघतो तर खरंच, झाकणाच्या कडेने पांढरा धूर! धूर म्हणजे काय? धूर म्हणजे आग! आत कांड्या जळतायत, तांबू विकली जातेय, सासूबाई रडतायत, सगळं डोळ्यांपुढे यायला लागलं.

"भाई, गाडी डोंबिवलीला घे! घरी! लवकर!"

घरी मेघना नव्हती. मी टाकी बाल्कनीत ठेवली, झाकण उघडलं. बाप रे, काय तो धूर! शेजारच्या पाटकर काकू बाल्कनीतून म्हणाल्या, "अगं बाई, आज काय, पूजा आहे का तुमच्याकडे?"

मी हातमोजे घातले, आतल्या डबीची दांडी धरून कांड्या वर काढल्या आणि पळत जाऊन फ्रीजरमध्ये टाकल्या. मटारच्या पाकिटाशेजारी. मेंडेल आणि वाटाणे! मला वाटलं, हा तर शुभशकुनच. टाकी "गार व्हायला" तशीच उघडी ठेवली. मग पंखा लावून बसलो. इतका अभिमान वाटत होता स्वतःचा!

चार वाजता कांड्या बर्फासकट थर्मासमध्ये भरल्या, रिकामी टाकी घेतली, रिक्षाने गाव गाठलं. गोठ्यात सगळे जमलेले. मेघना तिथे आधीच पोचलेली. मॅडमनी टाकी उघडली, आत बघितलं.

"नायट्रोजन कुठे गेला?"

"जळत होता मॅडम, मी उडू दिला. पण कांड्या वाचवल्या! फ्रीजरमध्ये ठेवलेल्या. हात लावून बघा, कशा गारेगार आहेत!"

मॅडमनी हात नाही लावला. त्या शांतपणे म्हणाल्या, "अहो, त्या उणे एकशे शहाण्णवला ठेवायच्या असतात. तुमचा फ्रीजर असेल उणे अठरा. म्हणजे थंडीतनं काढून तुम्ही त्यांना भट्टीत घातलंत. तो धूर नव्हता, नायट्रोजनची वाफ होती. झाकणातून येणारच. तेच सांगत होते मी."

"म्हणजे आता या..."

"गेल्या."

तिकडे तांबू हंबरतच होती. सासूबाईंनी तिच्या मानेवर हात ठेवला आणि पदर डोळ्यांना लावला. खरं सांगतो, त्या क्षणी शेणात गाडून घ्यावंसं वाटलं मला. चूक माझी आणि विकली जाणार ती!

अण्णा म्हणाले, "मॅडम, गाय चांगली?"

"उत्तम."

"नवा वळू चांगला?"

"एक नंबर."

"मग दोष कुठं हाय?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मेघनासकट.

मग मॅडम हसल्या आणि गाडीकडे गेल्या. येताना हातात मोठी टाकी. "यात त्याच वळूच्या आणखी दोन कांड्या आहेत. सकाळी यांनी मला मेंडेल शिकवायला घेतला ना, तेव्हाच टाकून ठेवल्या."

सासूबाईंनी तर मॅडमचे हातच धरले! तांबूचं काम दहा मिनिटांत झालं. आणि पुढे काय? एकवीस दिवस गेले, तांबू गप्प. तपासलं तर गाभण! दिवस भरले तशी झाली कालवड. लांब कानांची, टपोऱ्या डोळ्यांची, अशी गोड की बघत राहावं. विकायचा विषयच संपला.

नाव अण्णांनी स्वतः ठेवलं. वाटाणी.

गाव विचारतं, असलं कसलं नाव? की अण्णा खुर्ची ओढून सुरू. शीळफाटा, धूर, फ्रीजर, मटार, काही म्हणजे काही सोडत नाहीत. पाऊण तास! आणि तेव्हा एकालाही जांभई येत नाही.

परवा गेलेलो. वाटाणी आता चांगली मोठी झालीय. मी घसा खाकरून म्हटलं, "अण्णा, हिच्यासाठी पुढे कांडी निवडताना आनुवंशिकतेचं असं आहे की..."

अण्णांनी मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. नुसती हाक मारली, "वाटाणीऽऽ!"

ती आली धावत आणि माझ्या इस्त्रीच्या शर्टाची बाही कोपरापर्यंत चाटून काढली.

"समजलं अण्णा," मी म्हटलं. "मी बसतो. चहा घेतो."