नीरजाबाईंची परदेशी विहीण

तुकोगंजच्या शिकवणीत नीरजाबाई पवारांनी अर्ध्या इंदूरला इन, ऑन, अ‍ॅट शिकवलं असेल. बशीत पोहे 'इन', पोह्यांवर शेव 'ऑन', इतकं सोपं. पण वर्गाबाहेर त्या कुणाशी इंग्रजी बोलल्याच नव्हत्या, आणि आज लेकीच्या पोलंडच्या सासूबाई पहिल्यांदाच व्हिडिओवर भेटणार होत्या. आपली मुलीकडची बाजू. एक शब्द वाकडा गेला तर पोरीला जन्मभर ऐकावं लागायचं.

"आई, तू खामखा टेन्शन घेते आहेस," पूर्वाने सकाळीच फोनवर समजावलं होतं. "त्यांची इंग्लिश पण जेमतेमच आहे." त्याने का कुठे धीर येतो!

फोन लागला. सोफ्यावर टापटीप बसलेल्या मारियाबाई दिसल्या, शेजारी पूर्वा. नीरजाबाईंनी घोकून ठेवलेलं पहिलंच वाक्य तोंडात विरघळलं. तेवढ्यात मारियाबाई हसून म्हणाल्या, "आय अ‍ॅम व्हेरी हॅपी फ्रॉम धिस मॅरेज."

"अबाउट!" नीरजाबाईंचं बोट वर गेलंसुद्धा. "रिपीट!"

पूर्वाने कपाळावर हात मारला. नीरजाबाईंनी बोट झटकन खाली घेतलं. झालं, पहिल्याच भेटीत विहिणीचा पाणउतारा!

मारियाबाईंनी सावकाश अख्खं वाक्य पुन्हा म्हटलं, 'अबाउट'सकट.

"व्हेरी गुड, सिट डाउन," नीरजाबाईंच्या तोंडून सवयीने निसटलं.

सोफ्यावर बसलेल्या मारियाबाई आधी उठून उभ्या राहिल्या, आणि मग नीट खाली बसल्या.