मला कळलं होतं

नर्स प्रॅक्टिशनरच्या कोर्सला अर्ज करायचं ठरवलं तेव्हा आईने विचारलं, "आतापर्यंत मंग काय होती वं तू?" तिला इतकंच सांगितलं, की हा कोर्स केला की आयसीयूत डॉक्टर पोहोचायच्या आधी, ठरलेल्या चौकटीत, काही औषधं मला स्वतःला सुरू करता येतील. आई म्हणाली, "मंग भर न फॉर्म. काहून बसून राहिली?"

फॉर्म सोपा होता. अडलं ते पर्सनल स्टेटमेंटपाशी. हा कोर्स का करायचा आहे ते स्वतःच्या शब्दांत एका पानावर लिहा म्हणे. आमच्या कामात स्वतःचे शब्द असतात कुठे? नर्सिंगच्या पहिल्या वर्षापासून एकच गोष्ट डोक्यात ठोकलेली असते. फाईलमध्ये काय पाहिलं ते लिहायचं, कोणाला कळवलं ते लिहायचं, आपल्याला काय वाटलं ते नाही. वाटणं हे डॉक्टरांचं काम. माझी तर घरची चिठ्ठीसुद्धा हल्ली तशीच होते, 'दूध तापवले, आईला कळवले.'

सुट्टीच्या दिवशी हुडकेश्वरच्या घरी बसून मी पान लिहिलं आणि आमच्या इन्चार्ज सिस्टरना दाखवलं. त्या माझ्याहून बऱ्याच मोठ्या, तोंडाने फटकळ. वाचून म्हणाल्या, "हे काय लिहिलं वं? पेशंटची फाईल वाटून राहिली. तुले कोर्स काहून करायचा, ते कुठं आहे?"

"रुग्णसेवा लिहिलं न, सिस्टर."

"ते तर सारेच लिहितात. खरं लिही."

खरं काय ते त्यांनाही माहीत होतं, कारण त्या दिवशी त्याही ड्यूटीवर होत्या. बुटीबोरीच्या कापड कारखान्यातला एक तरुण कामगार न्यूमोनियाने आमच्या आयसीयूत होता. दुपारी त्याचे हात गार पडायला लागले, बीपी उतरायला लागलं. मी डॉक्टरांना फोन केला. ते एकटेच, खाली कॅज्युअल्टीत अपघाताच्या पेशंटमध्ये अडकलेले. पाहिल्याशिवाय फोनवर ऑर्डर देणार नाही, आलोच, म्हणाले. मी पुन्हा फोन केला. बीपी चढवायचं औषध हाताशी होतं, किती द्यायचं तेही मला ठाऊक होतं, फक्त ऑर्डर नव्हती. त्याची बायको पलंगाशी येऊन म्हणाली, "सिस्टर, यायले काय होऊन राहिलं?" मी म्हटलं, "डॉक्टर येऊन राहिले." डॉक्टर आले तोवर उशीर झाला होता. संध्याकाळी तो गेला. फाईलमध्ये मी लिहिलं, डॉक्टरांना कळवले, पुन्हा कळवले. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं, आणि तेच मला अजून पचत नाही.

हे सगळं मी नव्या पानावर लिहिलं. शेवटी लिहिलं, 'तो जातोय हे मला कळलं होतं. पुढच्या वेळी नुसतं कळून मला चालणार नाही.' लिहिताना रडले आणि नंतर बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले.

नोकरीत असलेल्यांचा अर्ज मेट्रन मॅडमच्या सहीने जातो. त्यांनी पान शांतपणे वाचलं आणि तो सगळा मजकूर पेनने खोडला. रागावल्या नाहीत. "बेटा, हे बाहेर गेलं तर उद्या त्याचे घरचे कोर्टात जातील. पहिलं नाव तुझंच येईल. रुग्णसेवेचं लिहून आण, मी लगेच सही करते." मला भांडायचं होतं. पण शेवटची तारीख जवळ आली होती, आणि मॅडम म्हणत होत्या त्यात तथ्यही होतं. मी रुग्णसेवेचं लिहिलं.

मुलाखतीला मधोमध बसलेल्या बाई माझं पान पुढे धरून म्हणाल्या, "अनुभव एवढा मोठा, आणि यात तुमचं असं काहीच नाही. एखादा पेशंट आठवत असेल ना, ज्याच्यामुळे हा कोर्स करावासा वाटला?" त्यांनी खरोखर आपुलकीने विचारलं होतं. मी तोंड उघडलं, आणि पानाखालची मेट्रन मॅडमची सही दिसली. म्हटलं, "सगळे पेशंट सारखेच असतात, मॅडम." बाईंनी पान उलटं ठेवलं.

यादीत माझं नाव नव्हतं. आईच्या मते वशिला कमी पडला. मला स्वतःचा इतका राग आला होता, की तिच्याशीही धड बोलले नाही.

इन्चार्ज सिस्टरना मात्र चहाच्या वेळी सगळं सांगितलं. पुढच्या वर्षी त्या रिटायर होतील. आता चांगलं फैलावर घेणार म्हणून मी वाट पाहत होते. त्यांनी कप खाली ठेवला.

"मले बी एक पेशंट आठवते तसा," त्या म्हणाल्या. "तुया जन्माच्या आधीचा असन. अजून कोणाले सांगितला नाही."

कोण होता, मी विचारलं. त्यांनी सांगायला सुरुवात केल्यासारखं केलं, मग "जाऊ दे," म्हणाल्या, आणि राउंडची वेळ झाली म्हणून उठल्या.